तफीदाच्या खिडकीत फॅन कोण बसवणार?

खोटं कशाला बोलू, त्या फॅनच्या खोक्यावर मी स्वतः महिनाभर कॉफीचे पेले ठेवलेत. तफीदाच्या बैठकीत, सोफ्याच्या शेजारी, ते खोकं तिपाईसारखं उभं होतं. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन. तिच्या मुलानं, वगीहनं, कुवेतहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवलेला, चांगला भारीतला. तफीदानं त्याच्यावर विणलेला रुमाल टाकला होता. बघणाऱ्याला वाटावं, हा इथंच राहायला आलाय.

वगीह एक दिवसाआड फोन करायचा. "आई, फॅन बसला?"

"माणूस शोधतेय रे," तफीदा म्हणायची.

माणूस शोधतेय म्हणे! आमच्या शुब्रा वस्तीत दगड भिरकावला तर तो इलेक्ट्रिशियनच्याच टाळक्यात बसेल.

मी उम्म फादी, म्हणजे फादीची आई. तफीदाच्या दाराला खेटून माझं दार, तिच्या भिंतीला खेटून माझी भिंत. ती शिंकली की मी इकडून 'देव भलं करो' म्हणते, आणि माझा नवरा नसीम घोरायला लागला की ती तिकडून भिंतीवर थापट्या मारते. मी ख्रिस्ती, ती मुसलमान; माझ्या उपासाच्या दिवसांत ती माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात, तुपाशिवाय शिजवते. रमजानात सूर्य बुडेपर्यंत मी तिच्यासमोर घोटभर पाणी पीत नाही. एवढं असूनही सांगते, बाई एक नंबरची हट्टी. तिच्या तोंडावर सांगितलंय, म्हणून तुम्हाला सांगायला भीती नाही.

तफीदा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला तो मोठा हेडफोन लावून, बोर्डाच्या भोकांत वायरी खुपसून गावोगावचे कॉल जोडायच्या ना, त्या बायकांतली. "बोला, लाइनवर आहेत," म्हणायची आणि स्वतःही लाइनवरच राहायची. "कुणाचं काही चोरायचं नव्हतं गं मला," ती सांगते, "पण माणसं मनातलं बोलायला लागली की मध्येच कान काढून घेणं बरं दिसत नाही." पुढे निवृत्त झाली, नवरा रुश्दी वारला, मुलगा कुवेतला गेला. केसांना मेंदी लावायचं सोडलं नाही, रुश्दीचा लोकरी स्वेटर अंगातून काढला नाही, आणि ऐकायची सवय गेली नाही.

आमच्या इमारतीत ऐकणाऱ्याची चंगळ आहे. दोन जिने, आणि मधोमध तळापासून गच्चीपर्यंत एक अरुंद डक्ट. सगळ्यांची बाथरूमं नाहीतर स्वयंपाकघरं त्या डक्टमध्ये उघडतात. कोणी काय तळलं, कोणाचं पोर नापास झालं, कोणाचा नवरा आंघोळीत कुठलं गाणं म्हणतो, सगळं सगळ्यांना ठाऊक. तफीदाच्या बाथरूमच्या खिडकीसमोर, हात लांबवला तर मिठाचा डबा देता येईल एवढ्या अंतरावर, एक स्वयंपाकघराची खिडकी आहे. ती बहीगाची. बहीगा म्हणजे तफीदाची सख्खी धाकटी बहीण. दारानं जायचं म्हटलं तर मात्र हा जिना उतरा, गल्लीला वळसा घाला आणि तो जिना चढा.

तर या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. ताटावरून.

एका ईदला तफीदानं कहक केले, ते पिठीसाखरेत घोळवलेले, तोंडात टाकले की विरघळणारे. ताट भरून बहीगाकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी ताट परत आलं. स्वच्छ धुतलेलं, पुसलेलं आणि रिकामं! आता आमच्याकडे शेजारणीचं भरलं ताट रिकामं परत करणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. घरात काही नसेल तर दोन लिंबं ठेवतो आम्ही, मूठभर खजूर ठेवतो, पण रिकामं नाही पाठवत. झालं असं होतं की बहीगाची बिस्किटं भट्टीवरून यायची होती, म्हणून तिनं ताट धुऊन ओट्यावर ठेवलं होतं. जिना धुणाऱ्या बाईला वाटलं, आपण त्या बाजूला जातोच आहोत, तर देऊन टाकू. बिचारीनं उपकार केला. हे मला चार दिवसांनी कळलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तफीदा बाथरूमच्या खिडकीत उभी राहून, एक्स्चेंजमधल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली होती, "आमच्या आईच्या पोटी रिकामं ताट परत करणारी मुलगी जन्मलीच नव्हती! दवाखान्यात बदलली असेल!"

सगळ्या मजल्यांनी ऐकलं. बहीगाच्या सासूनंही ऐकलं, हे जास्त वाईट झालं. बहीगानं खिडकी धाडकन लावली, आणि तेव्हापासून तोंडाला तोंड नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. जमिनीवरून, दागिन्यांवरून भांडलं की चार मोठी माणसं मध्ये पडतात, चहा पितात, समेट घडवतात. ताटासाठी कोण मध्ये पडणार? मी पडून पाहिलं. "ताट बोलतं, उम्म फादी, माणसानं बोलायची गरज नसते," असं तफीदानं मलाच ऐकवलं. मी म्हटलं, मरा.

पण शुक्रवारचं काय ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मुलूखिया आमच्याकडे सगळेच करतात. पाल्याची ती हिरवी, बुळबुळीत, पातळ भाजी. तिच्यात लसूण-धण्याची कडकडीत फोडणी ओतताना बाईनं श्वास आत ओढून, दचकल्यासारखं 'हाऽऽ' करायचं असतं. नाही केलं तर मुलूखिया बेचव होते. का होते ते विचारू नका, होते. प्रत्येकीचा 'हाऽऽ' वेगळा. माझा आपला लाजरा आहे. या दोघींच्या आईचा मात्र असा होता म्हणे की रस्त्यातलं गाढवसुद्धा थबकायचं. तो आईचा 'हाऽऽ' बहीगानं जसाच्या तसा उचलला. तफीदाला तो कधी जमला नाही, तिचा मध्येच तुटतो.

शुक्रवारी नमाज सुटली की तफीदा बाथरूममध्ये जायची. बादली उपडी घालून तिच्यावर बसायची. खिडकी सताड उघडी, आणि हातात धुवायला एक मोजा. पलीकडे लसूण तडतडायचा, चुर्र व्हायचं, आणि मग बहीगाचा 'हाऽऽ' डक्टभर घुमायचा. तफीदा डोळे मिटायची. मग उठायची, मोजा पिळायची आणि बाहेर यायची. दर शुक्रवारी तोच मोजा, बरं का.

मी एकदा विचारलंच. म्हटलं, "काय मिळतं तुला त्यातून?"

"आई येऊन जाते गं माझी," ती म्हणाली. "आणि बहीगा आहे, धडधाकट आहे, एवढं कळतं. बास, अजून काय हवंय?"

आता कळलं ना घोडं कुठं पेंड खात होतं? फॅन बसवायचा म्हणजे त्याच खिडकीत, दुसरी जागाच नाही. वरची काच काढायची, तिथं फॅन अडकवायचा आणि खालची झडप कायमची बंद करायची. फॅन लागला की तफीदाचा शुक्रवार गेला. आणि हे ती मुलाला कुठल्या तोंडानं सांगणार? 'बाळा, मी बादलीवर बसून तुझ्या मावशीची फोडणी ऐकते, म्हणून मला फॅन नको' असं सांगणार?

वगीहचंही चुकत नव्हतं. ही बाई ऐन थंडीत खिडकी उघडी टाकून आंघोळ करायची. म्हणे वाफ कोंडते, भिंतीला बुरशी येते, गॅसच्या गीझरची भीती वाटते. सगळं खरं, पण झडप एकदा लावली तर उघडायची सवय जाईल, ही तिची खरी भीती होती. मागच्या हिवाळ्यात छाती भरली, या हिवाळ्यात परत. डॉक्टर म्हणाले, वारा बंद करा. वगीह म्हणाला, फॅन बसवा आणि खिडकी बंद करा. कुवेतला बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला आणखी काय दिसणार?

मग सुरू झाली वरसंशोधनाची तऱ्हा. नवरीचं लग्नच करायचं नाही, त्यामुळे प्रत्येक स्थळात खोट.

पहिला आला तो वगीहनं फोनवरून ठरवलेला, कुठल्याशा कंपनीचा, इस्त्रीच्या शर्टातला. दारातच त्यानं बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. मला तर पोरगा आवडला.

तफीदानं त्याला बसवलं, सरबत दिलं आणि विचारलं, "लग्न झालंय का रे बाळा?"

"नाही, मॅडम. अजून फ्लॅट व्हायचाय."

"अरेरे! मग ज्याचं स्वतःचं घर अजून उभं नाही, त्याला मी माझ्या घराच्या भिंती फोडायला देऊ? जा, आधी घर कर, देव बरकत देवो तुला."

पोरगा पिशव्यांसकट जिना उतरला.

दुसरा आला आमचा रखवालदार इद्रीसकाका याचा मेहुणा. नळ, वायरिंग, रंगकाम, लग्नात ढोल, सगळं एकटाच करतो. तो बाथरूम बघून आला, बैठकीत थांबला आणि म्हणाला, "हज्जा, मनीप्लँट काय जोरदार वाढलाय तुमचा!"

तो गेल्यावर तफीदानं माझा दंड धरला. "ऐकलंस? 'माशाल्ला' म्हणाला नाही! बघ, पान पिवळं पडलं."

"ते पान गेल्या आठवड्यापासून पिवळं आहे," मी म्हटलं. "मीच पाणी घालते त्याला."

"मग त्यानं आधीच खालून नजर लावली असेल."

तिसरा माझाच नवरा. नसीम पोस्टातून निवृत्त झाल्यापासून खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरतो. "अहो उम्म वगीह, त्यात काय एवढं? मी बसवतो की!"

"तुम्ही बसा," मी म्हटलं. या माणसानं आमची दारावरची बेल दुरुस्त केल्यापासून पाहुणा आला की फ्रिज बंद पडतो. तफीदाला त्याला नकारायची वेळच आली नाही, मीच निकाल लावला.

नसीमला राग आला आणि रागाच्या भरात तो खरं बोलून गेला. "मग खाली तुमचा सख्खा भाचा दुकान टाकून बसलाय, त्याला का बोलवत नाही? हमादासारखा उस्ता, कारागीर, गल्लीत दुसरा नाही. निम्म्या शुब्राची वायरिंग त्यानं केलीय."

तफीदानं खोक्यावरचा रुमाल सरळ केला. हमादा बहीगाचा थोरला. दोघी बोलत होत्या तेव्हा हिच्याच मांडीवर खेळून तो मोठा झालाय.

"जेवतो का गं तो वेळेवर?" तिनं मला हळूच विचारलं. "परवा गॅलरीतून बघितलं, गळा बारीक वाटला." मग एकदम ताठ झाली. "त्याला बोलावलं तर मी आधी वाकले असं होईल. परक्याला बोलावलं तर भाच्याच्या पोटावर पाय दिला असं गल्ली म्हणेल. मग आता मी काय करावं, तूच सांग!"

आणि हे ती इतक्या समाधानानं म्हणाली की मला हसूच आलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. जोवर माणूस ठरत नाही तोवर फॅन खोक्यात आणि खिडकी उघडी. मी पेला उचलला आणि परत खोक्यावर ठेवला. तिचा शुक्रवार मोडायची मलाही घाई नव्हती.

पण मग कडाक्याच्या थंडीचा तूबा महिना लागला. आमच्याकडे म्हणतात, तूबा तरण्या बाईचीही म्हातारी करतो, आणि तफीदा तर तरणी नव्हतीच. आमच्या सणाचं अळकुड्यांचं कालवण घेऊन मी तिच्याकडे गेले, तर ही तापानं फणफणलेली. खोकला असा की पलंग हलत होता. बाथरूमची खिडकी उघडी ती उघडीच.

तेवढ्यात वगीहचा व्हिडिओ कॉल आला. लपवायला वेळच मिळाला नाही. आईचा चेहरा बघून पोराचा आवाज चढला. "आता बास! पुढच्या शुक्रवारपर्यंत फॅन लागला नाही तर मी येतो, फ्लॅटला कुलूप घालतो आणि तुला इकडे घेऊन येतो. उम्म फादी, तुम्ही साक्षीदार."

फोन बंद झाला. तफीदा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मला संताप आला. मुलाचा, तिचा, बहीगाचा, त्या ताटाचासुद्धा. "तफीदा," मी म्हटलं, "पुरे झाली नाटकं. तू माणूस शोधत नाहीयेस, तू दिवस ढकलतेयस. आता खिडकी तर जाणारच, पण घरही जाईल. कुवेतला कुठलं बाथरूम आणि कुठली बहीगा?"

ती वळली. डोळे भरलेले. तिला रडताना मी रुश्दीच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. "ती खिडकी बंद झाली तर मला तिचं काही कळणार नाही गं," ती म्हणाली. "ती आजारी पडली तरी मला गल्लीतल्या लोकांकडून कळेल. सख्खी बहीण आहे माझी."

"मग हमादाला बोलव. खिडकी तरी घरच्या हातानं बंद होऊ दे."

तिनं डोळे टिपले. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "मी बोलावणार नाही. तुला बोलवायचं असेल तर तुझं तू बघ." म्हणजे हो. एवढी वर्षं शेजारी राहून मला तिचं व्याकरण कळतं.

मी तशीच चपला सरकवून खाली गेले. हमादा दुकानात पंख्याचं पोट फाडून बसला होता. धिप्पाड गडी, पण खालाचं, म्हणजे मावशीचं, नाव काढल्यावर शाळकरी पोरासारखा उभा राहिला. "माझी खाला बोलावतेय? मला?"

"ती बोलावत नाही. मी बोलावतेय. तिच्या घरी."

तो हसला, मग डोकं खाजवलं. "आईला विचारावं लागेल, उम्म फादी काकू. न विचारता गेलो तर ती माझं थोबाड रंगवेल."

दुसऱ्या दिवशी बहीगाचा निरोप आला. शब्दन् शब्द सांगते: 'काम करायला जा. आजारी बाईचं काम आहे, पुण्य लागेल. पण त्या घरात चहा प्यायचा नाहीस.' घ्या! आमच्याकडे कामावर आलेल्या उस्ताला चहा न देता सोडणं ही घरवाल्याची नामुष्की, आणि दिलेला चहा न पिणं हा त्याच्या तोंडावर मारलेला जोडा. बहीगानं बरोबर नेम धरला होता.

शुक्रवारी नमाज आटोपून हमादा आला. हातात ड्रिल, खांद्यावर शिडी. तफीदा शालीत गुंडाळून उठून बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, संपलं भांडण. पण नाही. तिनं ठेवणीतला काचेचा पेला काढला, चार चमचे साखर घालून चहा केला आणि त्याच्यासमोर धरला.

"नको, खाला. घरून पिऊन आलोय."

"कालही पिऊन आला असशील. हा आजचा."

"नको, खाला."

तफीदानं पेला टेबलावर आपटला. "कळलं. तुझ्या आईनं सांगितलंय. सांग तिला, माझ्या चहात मी विष कालवत नाही!"

"मी काही सांगणार नाही," हमादा कळवळून म्हणाला. "तुम्हा दोघींच्या मध्ये माझं भरीत होतंय. फॅन कुठे लावायचा ते दाखवा."

तो बाथरूममध्ये गेला, शिडीवर चढला, वरच्या काचा उतरवल्या, चौकट सैल केली आणि अख्खी खिडकीच उचलून खाली ठेवली. एवढं मोठं भोक त्या भिंतीला मी कधी पाहिलं नव्हतं. थंड वारा आत घुसला, आणि समोर बहीगाचं स्वयंपाकघर इतकं जवळ दिसलं की तिच्या टॉवेलवरची फुलं मोजावीत. बहीगा पाठमोरी, चुलीशी. मान वळवायला तयार नाही.

तफीदानं बादली उपडी घातली आणि बसली. शेवटचा शुक्रवार. मोजा घ्यायचं सोंगसुद्धा केलं नाही. मी दारात, हमादा शिडीवर.

तिकडे तूप तापलं. लसूण पडला, तडतडला. धणे पडले. डक्टभर तो वास पसरला. आता, आता, म्हणून आम्ही तिघंही तिकडे कान लावून.

बहीगानं 'हाऽऽ' केला नाही.

बाई कढई हातात धरून नुसती उभी राहिली. फोडणी ओतेना, काही करेना. खिडकी नाहीशी झालीय हे तिला कळलं होतं, बहीण ऐकतेय हेही कळत होतं. लसूण लाल झाला, मग तपकिरी झाला. करपल्याचा वास यायला लागला.

ते तफीदाला सोसवेना. ती उठली, शाल गळून पडली, हमादाच्या शिडीला धरून त्या भोकात तोंड घातलं आणि कुमारी मरियमची शपथ, तिनं स्वतःच 'हाऽऽ' केला. भरलेल्या छातीनं! तो नेहमीसारखा मध्येच तुटला, आणि त्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. ती भिंतीला धरून वाकली.

"आब्ला!" पलीकडून किंकाळी आली. धाकटी बहीण थोरलीला हाक मारते तशी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "आब्ला, सर त्या भोकापासून! छाती भरलीय ना तुझी! अख्खा हिवाळा तुझा खोकला ऐकतेय मी, रात्र रात्र झोप नाही मला! हमादा, गाढवा, बघत काय बसलास, तिला शाल घाल!"

तफीदा खोकता खोकता म्हणाली, "मग... विचारलं का नाहीस?"

"तू तरी ताटाचं विचारलंस का?"

"तुझा लसूण करपला."

"करपू दे मेला!" बहीगानं गॅस बंद केला आणि ती खिडकीतून दिसेनाशी झाली.

हमादा शिडीवरून उतरला. मावशीला शाल गुंडाळता गुंडाळता त्यालाही भरून आलं, पण बोलला ते भलतंच. "खाला, एक सांगू? किती वर्षं झाली, आमच्या घरी दर शुक्रवारी मुलूखियाच असते. हिवाळ्यात फ्रीजरमधली. अब्बा वैतागले, आम्ही वैतागलो. मला तर ती आवडतही नाही. आई म्हणते, शुक्रवारी दुसरं काही होणार नाही, कोणीतरी वाट बघत असतं."

तफीदा मटकन बादलीवर बसली.  ही बहिणीची फोडणी चोरून ऐकत होती, आणि ती हिला ऐकू जावं म्हणून शिजवत होती!

दारावर थाप पडली. बहीगा जिना उतरून, गल्लीला वळसा घालून, घरातल्याच गाऊनवर, पायांत दोन वेगळ्या चपला घालून धापा टाकत उभी होती. मिठी वगैरे काही नाही. आत आली, तफीदाच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "भाजतंय कपाळ! आणि घर आहे की बर्फाचा कारखाना? हमादा, बंद कर ते भोक!" मग तिची नजर टेबलावरच्या गार झालेल्या चहावर गेली. पेला उचलून तिनं तो एका दमात पिऊन टाकला. तेव्हा कुठे दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

हमादानं फॅन बसवला. पाठीमागे दोन बहिणी एकाच वेळी रडत होत्या, हसत होत्या आणि "डावीकडे घे, सरळ धर" म्हणून सांगत होत्या, तरी बसवला. खिडकी परत चौकटीत बसवली, झडप ठोकून बंद केली, वायर जोडली, बटण दाबलं. फॅन भुर्र करून फिरला, आणि बहीगाच्या घरचा करपलेला लसूण भसकन आमच्या नाकात शिरला. आतली हवा बाहेर टाकायची सोडून तो बाहेरची आत ओढत होता.

"चहा न पिता काम केलं की असंच होतं," मी म्हटलं. हमादा कानापर्यंत लाल झाला.

तेवढ्यात कुवेतहून फोन. वगीहला पडद्यावर आई दिसली, पलंगावर, रडून सुजलेली आणि हसत असलेली. शेजारी कोण आहे हे त्याला चटकन कळलंच नाही.

"बसला फॅन? शेवटी कोणी बसवला, आई?"

तफीदानं बहीगाचा हात घट्ट धरला. "घरच्यानं," ती म्हणाली. "उलटा बसवलाय. उद्या परत येणार आहे तो."

"आणि उद्या चहा पिऊन जाईल," बहीगा म्हणाली.